पहिल्या तीन गाण्यांनंतर

मोठ्या संगीत-कार्यक्रमांत वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी एक नियम आता जगभर रुळला आहे. पहिली तीन गाणी टिपायची, फ्लॅश वापरायचा नाही आणि मग मंचासमोरची जागा सोडायची. गळा अजून मोकळा व्हायचा असतो, श्रोत्यांशी नाते अजून जुळायचे असते, आणि तेवढ्यात कॅमेरे बाहेर गेलेले असतात. लिहिणाऱ्या पत्रकाराची स्थिती फार वेगळी नाही. मुलाखत मिळालीच तर थोड्या मिनिटांची, प्रश्न आधी पाठवलेले, टाळायचे विषय आधी सांगितलेले, आणि खोलीत प्रसिद्धी सांभाळणारे कोणीतरी बसलेले. धंद्यातली कटकट म्हणून हे सोडून देता येते आणि बहुतेक वेळा तसेच होते. मला मात्र इथे एक जुना आणि गंभीर प्रश्न दिसतो. जे चारचौघांसमोर घडले त्याची साक्ष कोणाच्या मालकीची? गाणाऱ्याची, कार्यक्रम भरवणाऱ्याची, की ज्याने ते ऐकले-पाहिले त्याची? माझे म्हणणे असे की कलाकाराला न भेटण्याचा आणि न बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. त्यावर कोणी कुरकुर करू नये. पण दुसऱ्याने काय पाहिले आणि ते त्याने कसे सांगावे, हे ठरवण्याचा हक्क त्याला नाही. आजच्या पुष्कळ अटी पहिल्या हक्काच्या आडून हा दुसरा मिळवू पाहतात.

साक्षीचा विचार आपल्याकडे न्यायदर्शनाने फार बारकाईने केला आहे. आपल्याला जे ठाऊक असते त्यातले थोडेच आपण स्वतः पाहिलेले असते. बाकीचे कोणाच्या तरी सांगण्यावरून कळलेले असते. मग कोणाचे सांगणे प्रमाण मानावे? गौतमाच्या न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने याचे उत्तर दिले आहे. ज्याने ती गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच ती दुसऱ्याला सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. पुढे तो असेही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. या जोडीचे मला फार मोल वाटते. सांगणाऱ्याची विश्वासार्हता त्याच्या कुळावर किंवा अधिकारावर ठरत नाही. त्याने खरोखर पाहिले का आणि पाहिले तसे सांगितले का, एवढ्याच दोन गोष्टींवर ती उभी असते. संगीत-पत्रकारावर घातलेली कोणतीही अट या दोन कसोट्यांवर घासून पाहता येते. तीन गाण्यांचा नियम पहिल्या कसोटीला धक्का देतो, कारण तो पाहणे कमी करतो. तरीही अशा पत्रकाराला वाचकाला प्रामाणिकपणे सांगता येते की मला एवढेच पाहू दिले. लिहिलेला मजकूर आधी दाखवा, फोटो आमच्या पसंतीनेच छापा, अमुक विषय काढू नका, या अटी दुसऱ्या कसोटीवर घाव घालतात. त्या मान्य करणारा पत्रकार साक्षीदार राहत नाही, आणि हे वाचकाला कळतही नाही. दोन्ही प्रकारांना सरसकट ‘निर्बंध’ म्हटले की हा फरक पुसला जातो.

या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द कलाविचारातूनच येतो. कलाकाराला भेटायचेच कशाला? संगीत ऐकण्यासाठी असते, ते ऐकावे. गाणाऱ्याच्या आवडीनिवडी, भांडणे, दुःखे यांच्याशी रसिकाचा संबंध काय? अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील टीकेत रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. समोरचा भाव माझा आहे किंवा अमक्या माणसाचा आहे, अशा ठरावीक काळाच्या आणि ठरावीक व्यक्तीच्या चौकटीत मन अडकणे, हे त्यांतले एक. भाव व्यक्तीपासून सुटतो, सर्वांचा होतो, तेव्हाच रस निष्पन्न होतो. त्याचा विवेचनविषय नाट्य होता, पण गाण्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी वाटते. मारवा ऐकताना गायकाच्या घरी त्या दिवशी काय घडले हे मनात घोळत असेल, तर मारवा हातून निसटलाच. ग्रीक परंपरेतही याचा पडसाद सापडतो. प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’त सॉक्रेटिस सांगतो की त्याने कवींना त्यांच्याच कवितांचा अर्थ विचारला, तेव्हा आजूबाजूचे लोक कवींपेक्षा बरे बोलले असते असे त्याला आढळले. ‘आयन’ या संवादात एपिडॉरसच्या उत्सवात पहिले बक्षीस मिळवून आलेला, होमरची काव्ये सादर करणारा एक नामांकित कलावंत त्याला भेटतो. सॉक्रेटिस त्याला प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि शेवटी ठरते ते असे की याच्याकडे ज्ञान नाही, दैवी प्रेरणा आहे. उत्सवातल्या कलावंताची ही कदाचित सर्वांत जुनी नोंदलेली मुलाखत, आणि तिचा निष्कर्ष मुलाखतींच्या विरोधात जाणारा.

या आक्षेपातले अर्धे मी मोकळेपणाने मान्य करतो. रसग्रहणाला कलाकाराची भेट लागत नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या ‘व्होग’ मासिकाच्या मुखपृष्ठावर बियॉन्से होती आणि आत तिची मुलाखत नव्हती. त्याऐवजी पुलित्झर पारितोषिक मिळवलेल्या समीक्षक मार्गो जेफरसन यांचा लेख होता. कलाकाराने तोंड उघडले नाही म्हणून विचार अडला नाही. जाणत्या समीक्षकाला कान, स्मरण आणि अभ्यास एवढी सामग्री पुरते. ‘कलाकारापर्यंत पोहोचू दिले नाही, म्हणून आम्ही चांगले लिहू शकलो नाही’ ही पत्रकारांची तक्रार अनेकदा आळसाची असते, हेही कबूल करायला हवे.

उरलेले अर्धे मात्र मान्य करता येत नाही, कारण संगीत हा फक्त रसाचा विषय नाही. ते एक कसब आहे, शिकण्या-शिकवण्याची परंपरा आहे, पोटापाण्याचा उद्योग आहे, आणि माणसांचे एकमेकांवर सत्ता गाजवण्याचे ठिकाणही आहे. यांतली एकही गोष्ट नुसत्या श्रवणाने कळत नाही. कलाकाराला आपल्या कलेचा अर्थ सांगता येणार नाही कदाचित. पण तालीम कोणाकडे झाली, कोणती चीज कोणी दिली आणि कोणी हातची राखली, तंबोरा कसा लावला जाई, बिदागी किती आणि कोणाकडून मिळे, हे त्यालाच ठाऊक असते. आपल्या संगीताच्या इतिहासातला केवढा तरी भाग या जवळिकीतूनच वाचला आहे. प्रा. बी. आर. देवधर हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. मुंबईत त्यांनी संगीतशाळा काढली, कुमार गंधर्व त्यांच्याकडेच शिकले. त्या शाळेत नाना घराण्यांच्या गायक-वादकांचे येणे-जाणे होते. देवधर त्यांच्याशी बोलत, खोदून विचारत, आणि त्यातून ‘थोर संगीतकार’ हे पुस्तक उभे राहिले. अल्लादियाखाँ आणि भास्करबुवा बखले यांच्या सहवासात राहिलेल्या गोविंदराव टेंब्यांच्या ‘माझा संगीत व्यासंग’चीही तीच गोष्ट. हे लिहिणारे दूर ठेवले गेले असते, तर एका संपूर्ण पिढीची विद्या आपल्याला दंतकथांच्या रूपातच मिळाली असती. आणि ‘आयन’चे म्हणाल, तर कलावंताला ज्ञान नसते हा सॉक्रेटिसचा निष्कर्षसुद्धा त्याला आयनला हवे ते आणि हवे तितके विचारता आले म्हणून निघाला. प्रश्न आधी पाठवा अशी अट असती, तर तो संवाद दुसऱ्या पानाच्या पुढे गेला नसता.

मग कलाकाराने बोललेच पाहिजे का? मुळीच नाही. अन्नपूर्णादेवींनी १९५० च्या दशकात जाहीर वादन थांबवले आणि २०१८ मध्ये मुंबईत निधन होईपर्यंत त्या जवळजवळ पूर्ण एकांतात राहिल्या. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांची ही लेक, सुरबहार वाजवण्यात जिचा हात धरणारे फार थोडे. तिने श्रोत्यांनाच दार लावून घेतले, तिथे पत्रकारांची काय कथा. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर यांना त्यांनी विद्या दिली. जगाला मात्र काही सांगायचे नाही असे ठरवले आणि ते निभावले. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचीही रेडिओ आणि ध्वनिमुद्रण यांच्याशी फारशी जवळीक नव्हती. मोजक्याच तबकड्या मागे राहिल्या, आणि त्यांतलीच एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. या मौनाची किंमत असते. अन्नपूर्णादेवींच्या बाबतीत सत्याची जागा अफवांनी घेतली. ‘अभिमान’ या १९७३ च्या चित्रपटाशी त्यांचे आयुष्य जोडून लोक आजही बोलतात. केसरबाईंच्या भरघोस, अखंड गायकीची पूर्ण कल्पना यायला आज आपल्याला त्यांना प्रत्यक्ष ऐकलेल्यांच्या शब्दांवरच भिस्त ठेवावी लागते. पण ही किंमत मोजायची की नाही हे त्यांनीच ठरवायचे होते. मौन धरणारा माणूस आपले बोलणे आवरतो. ऐकून घरी गेलेल्या श्रोत्याच्या जिभेवर तो हक्क सांगत नाही.

बोलण्याचे भय खोटे असते असेही नाही. १९६६ च्या मार्चमध्ये लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये मॉरीन क्लीव्ह यांनी जॉन लेननवर लेख लिहिला. त्यात बीटल्स आता येशूपेक्षाही लोकप्रिय झाले आहेत अशा आशयाचे त्याचे एक विधान होते. ब्रिटनमध्ये त्यावर फारसे काही झाले नाही. काही महिन्यांनी एका अमेरिकी किशोर-मासिकाने ते संदर्भातून उचलून छापले, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात बीटल्सच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर त्यांनी तिकीट लावून जाहीर दौरे केले नाहीत. त्याला इतरही कारणे होती, पण हे त्यांतले एक होतेच. मूळ लेख प्रामाणिक होता, लेननशी क्लीव्ह यांचा चांगला परिचय होता, आणि तरीही हे घडले. असा अनुभव गाठीशी असलेला कलाकार उद्या पत्रकारांपासून दूर राहिला तर त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. दूर राहण्याने त्याचे रक्षण होते. प्रश्न सुरू होतो तो दूर न राहता, पत्रकाराला जवळ बोलावून त्याचे हात बांधण्यापाशी.

२०१५ च्या उन्हाळ्यात हे अगदी उघडपणे दिसले. जूनमध्ये टेलर स्विफ्टने ॲपलला जाहीर पत्र लिहिले. कंपनीच्या नव्या संगीतसेवेच्या तीन महिन्यांच्या मोफत काळात कलाकारांना मोबदला मिळणार नव्हता, आणि फुकट काम कोणी का करावे, असा तिचा रास्त सवाल होता. एका दिवसात ॲपलने माघार घेतली. लगेच एका ब्रिटिश छायाचित्रकाराने तिच्याच कार्यक्रमांसाठी छायाचित्रकारांपुढे ठेवला जाणारा करार लोकांसमोर आणला. काढलेला फोटो त्याने एकदाच वापरायचा, आणि कलाकाराच्या बाजूने मात्र तो प्रसिद्धीसाठी कायम फुकट वापरता येणार. त्या वर्षीच्या दौऱ्याच्या करारात तर अटी मोडल्यास फोटो ज्यात साठवले आहेत ती साधने जप्त किंवा नष्ट करण्याचे कलम होते. करार चुकीच्या पद्धतीने मांडला जातो आहे असे तिच्या बाजूने सांगितले गेले; अमेरिकेतल्या वृत्तछायाचित्रकारांच्या संघटनेशी बोलणी झाल्यावर जुलैमध्ये तो सौम्यही करण्यात आला, हे तिच्या खाती जमा धरले पाहिजे. त्याच सुमारास फू फायटर्स या बँडचा करार गाजला. फोटो बँडने मंजूर करायचे, एकाच बातमीसोबत एकदाच छापायचे, आणि त्यांचा कॉपीराइट बँडच्या नावे करून द्यायचा. वॉशिंग्टनच्या ‘सिटी पेपर’ने सही नाकारली आणि प्रेक्षकांनी काढलेले फोटो पैसे देऊन घेऊ असे जाहीर केले. क्वेबेकच्या ‘ल सोलेय’ने छायाचित्रकाराऐवजी चित्रकार धाडला. डब्लिनमधल्या स्विफ्टच्या कार्यक्रमांचे फोटो छापणार नाही असे ‘आयरिश टाइम्स’ने ठरवले. या करारांत सर्वांत मोठी गोष्ट मला पैशाची वाटत नाही. माणसाच्या पाहण्याची मालकी ज्याला पाहिले त्याच्याकडे जाते, हे मला भयंकर वाटते. वात्स्यायनाच्या भाषेत, सांगणारा एक आणि सांगण्याची इच्छा भलत्याची, अशी ही स्थिती आहे.

याला दिले जाणारे उत्तर ठाम असते. कार्यक्रम खाजगी आहे, जागा भाड्याची आहे, फोटो चोरून टी-शर्टांवर छापून विकणारे लोक आहेत, आणि करार कोणी जबरदस्तीने करायला लावत नाही. पटत नसेल तर सही करू नका. यातला चोरीचा मुद्दा खरा आहे. त्यासाठी व्यापारी वापरावर बंदी घाला, ती कोणताही वार्ताहर आनंदाने मानेल. बातमीतल्या फोटोला आधी पसंती हवी या अटीने टी-शर्टची चोरी थांबत नाही; तिने थांबतो तो फक्त न आवडणारा फोटो. संमतीच्या मुद्द्याकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे. सही दोघांची असते आणि परिणाम तिसऱ्यावर होतो. हा तिसरा म्हणजे वाचक. आपल्यासमोर आलेला मजकूर किंवा फोटो एका माणसाने पाहिलेले सत्य आहे असे तो समजतो. त्याची संमती कोणी घेतलेली नसते, कराराची कलमे त्याला दाखवलेली नसतात. दोघांनी मिळून तिसऱ्याला अंधारात ठेवण्याचा करार दोघांच्या राजीखुशीने झाला म्हणून निर्दोष ठरत नाही. शिवाय राजीखुशी म्हणावी तर तीही बेताचीच, कारण सही न करणाऱ्याच्या जागी उभे राहायला दहा जण तयार असतात.

आणखी एक आक्षेप अलीकडचा आहे. आता कलाकार स्वतःच इन्स्टाग्रामवर लाखोंशी बोलतो, हजारो श्रोते फोनवर सगळा कार्यक्रम टिपतात. मग पत्रकार हवा कशाला? श्रोत्यांचे व्हिडिओ हा मोलाचा ऐवज आहे, मी तो कमी लेखत नाही. सिटी पेपरने तर त्यांच्यावरच भिस्त ठेवली. मंचासमोरच्या हजारो फोनना जे मोकळे आहे, तेच एका प्रशिक्षित डोळ्याला बंद करणे विचित्रच आहे. पण व्हिडिओ मंचावरचे दाखवतो, पडद्यामागचे दाखवत नाही. आणि कलाकार स्वतःविषयी जे सांगतो ते कितीही मनापासून असले, तरी जिथे त्याचे स्वतःचे हित गुंतलेले आहे तिथे केवळ त्याच्या शब्दावर विसंबणे कोणत्याही प्रमाणशास्त्राला मान्य होणार नाही. २००० सालच्या डिसेंबरमध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’चे संगीतसमीक्षक जिम डिरोगॅटिस यांनी एका सहकाऱ्यासह आर. केलीवरील अल्पवयीन मुलींच्या शोषणाच्या आरोपांची बातमी लिहिली. बातमी गायकाच्या मुलाखतीतून आली नव्हती. न्यायालयीन कागद आणि पीडितांच्या बाजूची माणसे यांच्यापर्यंत जाऊन ती मिळवावी लागली होती. पुढे एका खटल्यात तो निर्दोष सुटला, गाणी गाजत राहिली, मुलाखतीही होत राहिल्या. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात तो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. मधल्या दोन दशकांत त्याच्याशी गोड संबंध राखू पाहणाऱ्या कोणाला हे लिहिणे परवडले असते? चेन्नईच्या म्युझिक अकादमीने २०१८ मध्ये लैंगिक छळाचे आरोप झालेल्या सात कलाकारांना आपल्या डिसेंबरच्या संगीत-हंगामातून वगळले, तेव्हाही ज्यांच्या बोलण्यामुळे हे घडले ते कोणी मंचामागे मानाने बोलावलेले लोक नव्हते. इथे मला या विषयाचा सर्वांत कठीण भाग दिसतो. दार बंद झाल्याने पत्रकारितेचे जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त नुकसान दार अर्धे उघडे ठेवल्याने होते. पुढच्या वेळी आत घेतील या आशेवर माणूस आज गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यासाठी कोणताही कागद लिहावा लागत नाही.

म्हणून माझी मागणी कलाकारांकडे नाही. त्यांनी भेटावे, न भेटावे, तीन गाण्यांनंतर कॅमेरे बंद करावेत, गाताना डोळ्यांवर प्रकाश येतो म्हणून त्याआधीही करावेत. लय मोडणे हे पाप आहेच. मागणी वृत्तपत्रांकडे आणि मासिकांकडे आहे, मराठीतल्याही. जिथे अट पाहण्याच्या वेळेपुरती किंवा जागेपुरती आहे तिथे ती पाळावी. जिथे ती सांगण्यावर आहे तिथे सही करू नये. फोटो नसला तरी परीक्षण छापता येते, मुलाखत नसली तरी गाण्यावर लिहिता येते. आणि एखादी अट मान्य करावीच लागली, प्रश्न आधी दाखवावे लागले, काही विषय सोडावे लागले, तर तसे मजकुराखाली एका ओळीत सांगावे. एवढ्याने वाचकाला साक्ष तोलता येते. अशी ओळ छापायला करारच आड येत असेल, तर मुलाखतीच्या जागी तो करार काय म्हणतो याची बातमी छापावी.